वळूचं बी डब्यात टिकतं, मग गाईचं का नाही?



आपल्या कार्यक्षेत्रात कृत्रिम रेतनाचा डॉक्टर कधीच आला नाही असा गोठा आता विरळाच. मोटारसायकलला नत्राचा डबा बांधून तो येतो, झाकण काढताच पांढऱ्या वाफा निघतात, चिमट्याने एक बारीक कांडी वर येते, अर्धा मिनिट कोमट पाण्यात राहते आणि काम होते. ज्या वळूचे ते रेत तो कुठला, आज जिवंत आहे की मेला, याची चौकशीदेखील कोणी करीत नाही. मेलेल्या वळूची वासरं गोठ्यात बागडताना पाहून पूर्वी लोकांना नवल वाटायचं, आता वाटत नाही.

लागणीच्या नोंदी घेत आम्ही वस्त्यावस्त्यांवर हिंडतो तेव्हा उसाच्या जोडीला जनावरांचा विषय निघतोच. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी धडधाकट जनावरं गेली. त्यानंतर एक प्रश्न आमच्या कानावर फार वेळा आला. "साहेब, वळूचं बी वर्षानुवर्षं डब्यात राहतं. मग माझी चांगली गाय गेली, तिचं बी कुणी का ठेवलं नाही?" प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितकं सरळ नाही. त्यात वर्तमानपत्रातून बायकांची बीजांडं गोठवून ठेवल्याच्या बातम्या येतात, आणि माणसाचं जमतं तर गाईचं का जमू नये, असा साहजिकच समज होतो. या समजावर उद्या कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिला, तर सभासदाच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न येतो. म्हणून हा विषय पशुवैद्यकीय मंडळींकडून आणि छापील साहित्यातून समजून घेऊन येथे मांडीत आहोत. आम्ही उसाची माणसं. तेव्हा उदाहरणं उसाची आणि साखरेची येणार, ती चालवून घ्यावीत.

बी कशाला म्हणायचं?

"बी" हा शब्द आपण सैल वापरतो. उसाचं बेणं म्हणजे उसाचाच तुकडा. को ८६०३२ ची टिपरी लावली की ८६०३२ च उगवणार, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. जनावरात तसं नाही. गाईच्या अंगातील प्रत्येक साध्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात. तिच्या बीजांडात त्यातली निम्मी म्हणजे ३० येतात आणि वळूच्या शुक्राणूत ३०. दोन्ही मिळाल्यावर पुन्हा ६० होतात व वासराची सुरुवात होते. म्हणजे गाईचं बीजांड राखून ठेवणं हे गाय राखणं नव्हे, तिचा अर्धा वाटा राखणं आहे. उरलेला अर्धा नंतर कोणत्याही वळूचा घालता येतो. दोन्ही वाटे एकत्र येऊन सात दिवस वाढलेला जो बारीक जीव, तो भ्रूण. रेत, बीजांड आणि भ्रूण ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा घोटाळा ह्या तीन शब्दांच्या सरमिसळीतून होतो.

यांतलं पहिलं साधलं ते रेत. १९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघांना असं आढळलं की ग्लिसरीन घालून रेत गोठवलं तर शुक्राणू जगतात. गंमत अशी, की ते कोंबड्याच्या रेतात फळातली साखर घालून पाहत होते; एका बाटलीने अचानक चांगला गुण दिला, आणि तपासणी केल्यावर कळलं की त्या बाटलीत साखर नव्हतीच, चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊन ग्लिसरीन आलं होतं. आज आपल्या दारात येणाऱ्या कांडीचा उगम असा आहे. दुसरा नंबर लागला भ्रूणाचा. १९७३ साली केंब्रिज येथे विल्मट आणि रोसन यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून गाईचं वासरू जन्माला घातलं. हेच विल्मट पुढे १९९६ साली जन्मलेल्या डॉली मेंढीमुळे जगभर गाजले. बीजांड सर्वांत मागं राहिलं. गोठवलेल्या बीजांडाचं प्रयोगशाळेत फलन करून वासरं झाली ती १९९२ साली, जपानात. रेत आणि बीजांड यांत चाळीस वर्षांहून अधिक अंतर आहे. शास्त्रज्ञांनी गाईकडे दुर्लक्ष केलं म्हणून हे अंतर पडलं नाही. बीजांडाचा पिंडच तसा आहे.

कोटी विरुद्ध एक

आपल्याकडे रेताच्या एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू भरलेले असतात. गोठवून पुन्हा वितळवताना त्यातले निम्म्यापर्यंत मेले तरी ते धरूनच हिशेब केलेला असतो. उरलेले एक कोटी जिवंत, आणि गाय गाभण राहायला त्यातला एक पुरतो. असा सौदा तोट्यात जाईल कसा?

आता गाईकडे बघा. कालवड जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून लाखाच्या वर कच्ची बीजांडं असतात. पण एकवीस दिवसांनी ती माजावर येते तेव्हा पक्व होऊन सुटतं ते बहुधा एकच. बाकीची आतल्या आत जिरून जातात. उभ्या आयुष्यात सहा-आठ वेतं झाली तर गाय चांगली म्हणायची. तेव्हा बीजांड गोठवताना आपल्या हातात ढीग नसतो. एक आहे, ते गेलं की गेलं.

भ्रूणाची गोष्ट मधली आहे. सातव्या दिवशी त्यात शंभराच्या आसपास पेशी झालेल्या असतात. गोठवताना काही मेल्या तरी बाकीच्या त्यांची जागा भरून काढतात. आपण तीन डोळ्यांची टिपरी लावायचो तेव्हा एक डोळा किडला तरी दुसरा उगवायचा. एक डोळा पद्धतीत तो डोळा गेला की तिथं तूट पडली, नांग्या भरायला लागल्या. बीजांड म्हणजे एक डोळा. आणि इथं नांगी भरायला दुसरं रोप हाताशी नसतं.

थंडीत तूप थिजतं तसं

बीजांड गोठवताना बिघडतं तरी काय? पहिली अडचण आकाराची. गाईचं बीजांड मिलिमीटरच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं असतं. ते डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखं दिसेल, पण पेशीच्या जगात तो हत्ती आहे. त्याच्यापुढे शुक्राणूचं डोकं म्हणजे मुंगी. एवढ्या मोठ्या पेशीत पाणी पुष्कळ, आणि ते बाहेर काढायला पृष्ठभाग मात्र त्या मानाने थोडा. पाणी आत राहून त्याचा बर्फ झाला की त्याचे स्फटिक आतून सुऱ्या फिरवल्यासारखे पेशी फाडतात.

दुसरी अडचण गाई-म्हशींच्या बाबतीत विशेष आहे. त्यांच्या बीजांडात चरबीचे थेंब ठासून भरलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते काळपट दिसतं ते त्यामुळेच. शिवाय पेशीचं पातळ आवरण स्निग्ध पदार्थाचंच असतं. मार्गशीर्ष-पौषात फडताळातलं तूप थिजतं, त्याला बर्फाची गरज लागत नाही. तसंच ह्या आवरणाचं होतं. बर्फ होण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या गारठ्यानेच ते ताठरतं व त्याला तडे जातात. म्हणून गाईचं बीजांड शीतपेटीत ठेवून चालत नाही. पुष्कळांना वाटतं, नत्र नाही तर नाही, बर्फात तरी ठेवू. तिथंच ते मरतं.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. पक्व बीजांडात ती ३० गुणसूत्रं एका जागी ओळीने मांडून ठेवलेली असतात, आणि त्यांना धरून ठेवणारे अतिसूक्ष्म धागे असतात. बैलगाडीत ऊस भरून वरून सोल आवळतात, तसे. गारठा लागला की हे धागे विरघळतात. मोळी सुटते, गुणसूत्रं विखुरतात. पुन्हा ऊब मिळाल्यावर धागे परत तयार होतात खरे, पण मोळी पहिल्यासारखी बांधली जाईलच असं नाही. वरून बीजांड धड दिसतं, फलनही होतं, आणि दोन-चार दिवसांनी वाढ खुंटते.

चौथी अडचण कवचाची. बीजांडाभोवती एक जाड पारदर्शक कवच असतं. एक शुक्राणू आत शिरला की ते कवच टणक होतं, म्हणजे दुसऱ्याला दार बंद. निसर्गाची ही सोय फार चांगली आहे. पण गोठवण्याच्या धक्क्याने आणि औषधांनी हे दार आधीच बंद होतं, आणि मग पहिल्यालाही आत जाता येत नाही.

पॅनमनचं काम उलटं

आता उपाय. इथं आपल्या कारखान्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आपल्या पॅनवर काय चालतं ते बहुतेक सभासदांनी वार्षिक सभेला आल्यावर पाहिलं असेल. पाक निर्वात आटवायचा, बारीक साखरेचं बी सोडायचं, दाणा धरला की तो बेताबेताने वाढवायचा. घाई केली तर खोटा दाणा पडतो. पॅनमनची सारी हुशारी दाणा नीट धरण्यात. पण तोच साखरेचा पाक ग्लुकोज घालून कडक आटवला आणि एकदम गार केला तर दाणा धरायला सवडच मिळत नाही. काचेसारखी पारदर्शक गोळी होते, जी पोरं दुकानातून आणून चघळतात. खडीसाखर आणि ही गोळी, दोन्हींत साखर तीच. एकीत कण ओळीने बसले, दुसरीत जिथल्या तिथं थिजले.

बीजांड गोठवणाऱ्याला नेमकं गोळीचं तंत्र हवं असतं. पाण्याचा दाणा म्हणजे बर्फाचा स्फटिक धरूच द्यायचा नाही, सगळं काचेसारखं थिजवायचं. ह्या रीतीला काचीकरण म्हणतात. १९८५ साली अमेरिकेत रॉल आणि फाही यांनी उंदराच्या भ्रूणावर ती यशस्वी करून दाखवली. त्याआधी भ्रूण हळूहळू गोठवीत. मिनिटाला अर्धा अंशाहूनही कमी वेगाने उणे ३० ते ३५ अंशांपर्यंत उतरवायचं आणि मग नत्रात सोडायचं. भ्रूणासाठी ती जुनी पद्धत आजही चालू आहे. बीजांडाला ती मानवत नाही, कारण हळू उतरताना गारठ्याच्या त्या धोक्याच्या पट्ट्यात ते फार वेळ अडकून पडतं. काचीकरणात तो पट्टा क्षणात ओलांडला जातो.

यासाठी दोन गोष्टी लागतात, दाट द्रावण आणि भन्नाट वेग. द्रावणात पुष्कळ ठिकाणी इथिलीन ग्लायकॉल आणि डायमिथाईल सल्फॉक्साईड हे दोन पदार्थ शेकडा १५-१५ असतात, आणि तिसरं असतं सुक्रोज. सुक्रोज म्हणजे आपण करतो तीच उसाची साखर! प्रमाण लिटरला साधारण १७१ ग्रॅम, म्हणजे गोडी जवळपास चांगल्या उसाच्या रसाइतकी. अर्थात ती प्रयोगशाळेची अतिशुद्ध साखर असते, आपल्या पोत्यातली चालत नाही. पहिले दोन पदार्थ पेशीच्या आत शिरतात. साखरेला आत शिरता येत नाही. ती बाहेर राहूनच पेशीतलं पाणी ओढून घेते. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं, तसं.

अडचण एवढीच, की हे दाट द्रावण बीजांडाला विषासारखं असतं. त्यात ते मिनिटभराच्या आतच ठेवायचं, तेवढ्यात उचलायचं आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात बुडवायचं. पुन्हा वितळवतानाही साखरच कामाला येते. बीजांड एकदम साध्या द्रावणात सोडलं तर आतली औषधं बाहेर पडण्याआधी पाणी धो धो आत शिरून ते फुटेल. म्हणून आधी जास्त साखरेच्या ऊबदार द्रावणात, मग कमी साखरेच्या, मग आणखी कमी, असं पायरीपायरीने उतरवतात. वितळवण्याचा वेग तर गोठवण्याहूनही जास्त लागतो. हळू वितळलं तर वाटेत बर्फ धरतो आणि केलेलं सगळं वाया जातं.

तीच कांडी, ताणलेली

वेग वाढवायचा तर माल कमी घ्यायला हवा. मोठ्या काहिलीतला गूळ लवकर निवत नाही, पळीतला लगेच निवतो. १९९६ साली मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वापरतात त्या तांब्याच्या इवल्या जाळीवर गाईची बीजांडं ठेवून ती थेट नत्रात बुडवली आणि त्यातली काही भ्रूणावस्थेपर्यंत वाढवून दाखवली.

पुढची युक्ती आम्हाला विशेष आवडली. हंगेरीचे गाबोर वायता हे शास्त्रज्ञ डेन्मार्कमध्ये काम करीत होते. त्यांनी पाव मिलिलिटरची साधी रेताची कांडी घेतली, म्हणजे आपला डॉक्टर आणतो तीच, ती मधोमध गरम करून हातानं ताणली आणि बारीक केली. आतला व्यास १.७ मिलिमीटर होता तो ०.८ वर आला, भिंतही निम्मी झाली. तापलेली नळी ओढून पातळ करायची, एवढंच. साध्या कांडीत गोठण्याचा वेग मिनिटाला अडीच हजार अंशांच्या आसपास मिळतो. ह्या ताणलेल्या कांडीत तो वीस हजारांच्या वर गेला. १९९८ साली त्यांनी ही रीत गाईच्या बीजांडांसाठी आणि भ्रूणांसाठी प्रसिद्ध केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. पुढे जपानात कुवायामा यांनी कांडीही बाजूला ठेवून एका पातळ पट्टीवर द्रावणाचा नुसता ओलावा राहील इतकाच थेंब ठेवण्याची पद्धत आणली. माणसाच्या बीजांडासाठी आज जगभर ह्या पट्टीचा मोठा वापर आहे.

माणसाचं जमतं ते गाईचं का जमत नाही, याचं उत्तर इथंच आहे. माणसाच्या बीजांडात गाईसारखी चरबी नसते. दुसरं, कवच टणक झालं तर डॉक्टर बारीक सुईने एक शुक्राणू थेट बीजांडात सोडतात. माणसात ही रीत उत्तम चालते, गाईत मात्र तिला यश फार थोडं मिळतं. अमेरिकेतील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने बायकांच्या बीजांड गोठवणुकीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२ साली काढला. गाईच्या बाबतीत तो शिक्का अजून निघालेला नाही, असं समजून चालावं.

शंभरातली किती?

ठोकळमानाने हिशेब सांगतो. अंडाशयातून काढलेली बीजांडं साडेअडतीस अंश उष्णतेत २२ ते २४ तास पक्व होऊ देतात. मग रेताबरोबर ठेवतात, आणि पुढं सात दिवस वाढवतात. ताजी शंभर बीजांडं अशा रीतीने घातली तर सातव्या दिवशी तीस-चाळीस भ्रूण हाती लागतात. ते गाईंच्या गर्भाशयात ठेवल्यावर दहा-बारा वासरं झाली तर काम चोख झालं म्हणायचं. तीच शंभर बीजांडं आधी गोठवून मग वापरली, तर पुष्कळ प्रयोगांत दहा-पंधरा भ्रूण मिळाले, कित्येकांत पाचसुद्धा नाहीत. म्हणजे तीन-चार वासरं, किंवा एखादंच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर उगवण शेकडा पन्नासच्या खाली आली की आपण तो बेणेमळा मोडतो. इथं ती पाच-दहावर आहे.

म्हणून हे शास्त्र टाकाऊ ठरत नाही. प्रयोग जोरात चालू आहेत. कोणी पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरून ते गारठ्यात लवचीक ठेवू पाहतं, कोणी कच्ची असतानाच बीजांडं गोठवून पाहतं, कारण तेव्हा ती गुणसूत्रांची मोळी अजून बांधलेलीच नसते. तरी आज हे काम प्रयोगशाळेचं आहे; सभासदानं पैसे देऊन घ्यावी अशी सेवा ती अजून झालेली नाही.

तरीसुद्धा हवं कशाला?

याचं कारण आपल्या अड्ड्यावरच उभं आहे. कारखान्याला बैलगाडीने ऊस वाहणारी खिल्लार जोडी ज्यानं गळीत हंगामात पाहिली आहे, त्याला ह्या वंशाची किंमत सांगायला नको. पण ट्रॅक्टर आला, दुधासाठी संकरित गाय आली, आणि वस्त्यांवरची खिल्लार गाय कमी झाली. डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ यांचीही कमीअधिक फरकाने हीच कहाणी. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पेढीत देशी वंशांचं गोठवलेलं रेत राखून ठेवलेलं आहे. उत्तम काम आहे. पण नुसत्या रेतावर वंश पुन्हा उभा करायचा म्हणजे काय, ते पाहा.

समजा खिल्लार गाय एकही उरली नाही आणि वळूचं रेत तेवढं आहे. मग ते दुसऱ्या वंशाच्या गाईला द्यायचं. होणारी कालवड निम्मी खिल्लार. तिला पुन्हा खिल्लार रेत, म्हणजे पाऊण. तिसऱ्या पिढीत साडेसत्त्याऐंशी टक्के, चौथीत पावणेचौऱ्याण्णव, पाचवीत कुठं सत्त्याण्णवच्या जवळ. एका पिढीला तीन-साडेतीन वर्षं धरली तरी पंधरा-सोळा वर्षं गेली, आणि शंभर टक्के कधीच नाही. शिवाय पेशीत ऊर्जा तयार करणारे जे बारीक घटक असतात ते वासराला फक्त आईकडून मिळतात; ते परक्या वंशाचेच राहणार. रेताबरोबर बीजांडंही राखलेली असतील तर दोन्ही वितळवून एकाच पिढीत शुद्ध वासरू उभं राहतं. एक शंका येईल, की मग भ्रूणच का ठेवू नयेत? ठेवावेत, आणि आज तेच जास्त भरवशाचं आहे. पण भ्रूणात जोडी एकदा ठरली ती ठरली. बीजांड ठेवलं तर वळू पुढं दहा वर्षांनीही निवडता येतो, तोपर्यंत त्याच्या मुलींच्या दुधाच्या नोंदीही हाती आलेल्या असतात.

दुसरा उपयोग अचानक मेलेल्या गाईचा. अंडाशय काही तासांच्या आत योग्य उष्णतेत प्रयोगशाळेत पोचलं तर त्यातली बीजांडं काढता येतात. पण हे आधी प्रयोगशाळेशी बोलून ठेवलेलं असेल तरच. गाय गेल्यावर फोन शोधायला लागलात तर उपयोग नाही, आणि संसर्गजन्य रोगाने गेलेल्या जनावराच्या बाबतीत तर तो विचारच मनात आणू नये. लम्पीनं गेलेल्या गाईंचं बी कोणी का ठेवलं नाही, याचं उत्तर त्यात आलं.

पैसे देण्याआधी

आपल्यासाठी आज खरोखर उपलब्ध काय आहे? रेताच्या कांड्या तर आहेतच. कालवडीच होण्याची शक्यता वाढवणाऱ्या लिंगनिश्चित कांड्याही मिळतात. त्यापुढची पायरी म्हणजे जिवंत गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने बीजांडं ओढून घेणे. १९८८ साली हॉलंडमध्ये ही रीत गाईवर प्रथम साधली. यात गाईला इजा होत नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा करता येते. आपल्या देशी वंशाच्या गाई परदेशी होल्स्टीनपेक्षा एका खेपेला जास्त बीजांडं देतात. आपल्याच गीर आणि ओंगोल वंशाच्या जिवावर ब्राझील ह्या धंद्यात पुढं गेला, ही गोष्ट जरा मनाला लागते. आपल्याकडे १९९० साली कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत प्रयोगशाळेतील फलनातून म्हशीचं 'प्रथम' हे रेडकू जन्मलं. २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून ह्या तंत्राला पैसा मिळाला. पुणे जिल्ह्यात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापलेली बाएफ संस्था आणि जे. के. ट्रस्ट यांनी ह्या कामात हात घातलेला आहे. पण लक्षात घ्या, ही सारी मंडळी बीजांड ताजं असतानाच त्याचं फलन करतात, आणि गोठवायचं झालं तर सातव्या दिवसाचा भ्रूण गोठवतात.

तेव्हा कोणी "तुमच्या गाईची अंडी गोठवून देतो" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारायचा, "बीजांड गोठवणार की भ्रूण?" तो भ्रूण म्हणाला तर पुढं बोलायला हरकत नाही, कोणत्या वळूचं रेत वापरणार, भ्रूण कोणाच्या मालकीचा, किती भ्रूण मिळाले तर किती पैसे, गाभण न राहिल्यास काय, हे कागदावर लिहून घ्यावं. तो बीजांड म्हणाला तर गोठवलेल्या बीजांडापासून त्यांच्याकडे आजवर किती वासरं झाली आणि ती कोणाच्या गोठ्यात आहेत, हे विचारावं व गोठा स्वतः जाऊन पाहावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांचा सल्ला घेतल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये. सरकारी योजनेतून कोणी आलं असेल तर त्याची खातरजमाही तिथंच होते.

आणि दाता गाय म्हणून जी निवडाल तिच्या दुधाची नोंद असायला हवी. "लई दूध देती" ही नोंद नव्हे. निदान आठवड्यातून एकदा दोन्ही वेळचं दूध मापून वहीत लिहावं, वेताची तारीख, माजाची तारीख लिहावी. बीजांड पक्व होण्याची तयारी अंडाशयात दोन-तीन महिने आधीपासून चाललेली असते, त्यामुळे चैत्र-वैशाखाच्या उन्हानं भाजून निघालेल्या गाईची बीजांडं पावसाळ्यातसुद्धा कमअस्सल निघतात. गोठ्याला सावली, पाणी आणि वारा असेल तर दिवाळीनंतरचे दिवस ह्या कामाला बरे.

गळिताच्या दिवसांत फुकट वाढे मिळतात म्हणून आपण दोन-अडीच महिने जनावरांना नुसत्या वाढ्यांवर ठेवतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दूध घटतं, माज चुकतो, गाय उलटते. वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि जोडीला दुसरी वैरण व क्षार मिश्रण देऊनच घालावेत. निवळी कशी करावी आणि किती वापरावी, हे आपल्या गटातील शेतकी मदतनीस दाखवतील. तोडणी सुरू होण्यापूर्वी सभासदांनी गट कार्यालयात त्यांची गाठ घ्यावी.